पुण्यश्लोक अहिल्याबाई : कामाच्या रगाड्यातील मनःशांती

आजचे युग धावपळीचे आहे, हे आता खेड्यातील माणसालाही कोणी सांगावे लागत नाही. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून मोटार सुरू करायची, पहाटे दूध डेअरीवर पोहोचते करायचे, सोसायटीच्या कर्जाची तारीख डोक्यात ठेवायची, पाऊस आणि बाजारभाव या दोहोंकडे डोळे लावून बसायचे, आणि त्यातच मुलांची शिक्षणे, लेकीबाळींची लग्ने, म्हाताऱ्यांची दुखणी सांभाळायची. पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेल्या गावकऱ्यांची तऱ्हा निराळी असली तरी ओढाताण तीच. भरीत भर म्हणून खिशातला मोबाईल घटकेघटकेला हाक मारतो. माणूस मनाशी ठरवतो की एवढा व्याप आटोपला म्हणजे निवांत बसू, देवाचे नाव घेऊ, चार घटका शांत राहू. पण व्याप आटोपत नाही आणि निवांतपणाचा दिवस उजाडत नाही.

मनःशांती हवी असेल तर संसार सोडून रानात जावे लागते, अशी एक समजूत आहे. ही समजूत खोटी ठरविणारी थोर चरित्रे महाराष्ट्राच्या मातीत घडली. त्यांतले एक चरित्र पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे. काशीपासून सोमनाथापर्यंत मोडलेली देवस्थाने ज्यांनी पुन्हा उभी केली, त्यांचे स्मरण जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी होणे साहजिकच आहे. परंतु त्यांनी बांधलेली मंदिरे आणि घाट सर्वांना ठाऊक असतात. ती बांधणाऱ्या बाईच्या मनावर केवढे ओझे होते आणि ते त्यांनी कसे पेलले, याकडे फारसे लक्ष जात नाही. आजच्या माणसाला खरी गरज आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून पूर्वीचा अहमदनगर जिल्हा आता त्यांच्याच नावाने अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. घर सुखवस्तू, पण राजेरजवाड्यांचे नव्हे. पेशव्यांचे सरदार सुभेदार मल्हारराव होळकर यांचा मुक्काम एकदा चौंडीस पडला असता देवळात आलेली ही सालस मुलगी त्यांच्या नजरेत भरली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. १७३३ साली मल्हाररावांचे एकुलते एक पुत्र खंडेराव यांच्याशी तिचा विवाह झाला. आठ वर्षांची पाटलाची पोर होळकरांच्या घराण्याची सून झाली.

मल्हारराव स्वतः नीरेकाठच्या होळ गावातून वर आलेले, मेंढपाळाच्या कुळात जन्मून स्वपराक्रमाने माळव्याचे सुभेदार झालेले. माणसाची पारख त्यांना चांगली होती. सुनेची हुशारी ओळखून त्यांनी तिच्यावर एकेक काम सोपवायला सुरुवात केली. वसुलीचे हिशेब, फौजेची रसद, तोफखान्याची तजवीज, मोहिमेवरून आलेल्या पत्रांचे जाबसाल, हे सगळे ती शिकली. मल्हाररावांनी तोफा आणि दारूगोळ्याची व्यवस्था करण्याविषयी सुनेला लिहिलेली पत्रे इतिहासाला ज्ञात आहेत. सासूबाई गौतमाबाईंनीही तिला पोटच्या मुलीप्रमाणे वागविले. मालेराव हा पुत्र आणि मुक्ताबाई ही कन्या, अशी दोन अपत्ये झाली.

पुढे दुःखांची रांग लागली. १७५४ साली मराठ्यांनी जाटांच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता. तेथे तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या असता मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले. मुलगा गेला, आता सूनही गेली तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, असा तो आक्रोश होता. अहिल्याबाई मागे फिरल्या. १७६१ साली पानिपतचा घाला पडला आणि त्याच वर्षी गौतमाबाईही निवर्तल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे देहावसान झाले. नातू मालेराव गादीवर बसला. पण त्याला मनाच्या व्याधीने घेरले. आई रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून असे. गादीवर येऊन वर्षही झाले नव्हते तोच, १७६७ साली, तोही गेला.

नवरा, सासू, सासरा, पोटचा मुलगा. तेरा वर्षांत घरातील चार माणसे गेली. शोक करायलाही उसंत मिळाली नाही. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेऊन कारभार त्याच्या नावे चालवावा असा घाट घातला आणि त्यासाठी रघुनाथराव पेशवे यांना माळव्यात फौजेसह येण्याची चिथावणी दिली. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. दत्तकाला त्यांनी स्पष्ट नकार दिला, फौज सज्ज केली, तुकोजी होळकरांना पुढे केले आणि पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्याय मागितला. एका विधवेशी लढून जिंकले तर कीर्ती नाही आणि हरले तर तोंड दाखवायला जागा नाही, असा निरोप त्यांनी राघोबादादांना पाठविल्याचे सांगतात. माधवरावांनी अहिल्याबाईंची बाजू उचलून धरली. रघुनाथरावांना मागे फिरावे लागले. १७६७ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली, ती १३ ऑगस्ट १७९५ या दिवशी देह ठेवीपर्यंत, म्हणजे जवळजवळ २८ वर्षे त्यांच्याच हाती राहिली.

हा काळ काही स्वस्थतेचा नव्हता. उत्तरेत सतत मोहिमा चालू. फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे. ते वयाने थोरले असूनही अहिल्याबाईंना मातोश्री मानीत. परंतु लढाया म्हटल्या की पैसा लागे आणि पैशासाठी महेश्वरकडे मागणी येई. त्यावरून दोघांत कुरबुरी होत. इकडे दरबारचे वकील, सावकारांची देणी, परगण्यांची वसुली, डोंगरातील वाटमारी आणि रयतेची गाऱ्हाणी रोज समोर उभी राहत. एवढ्या व्यापात, एवढ्या दुःखानंतर, कोणाचाही तोल सुटला असता. अहिल्याबाईंचा सुटला नाही. त्याचे मर्म त्यांच्या रोजच्या वागण्यात सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी राज्य आपले मानलेच नाही. होळकरशाहीचा धनी श्रीशंकर आणि आपण त्याच्या कारभारी, ही त्यांची धारणा होती. राज्याच्या हुकमांवर श्रीशंकराचे नाव असे. आपल्या प्रत्येक कृत्याचा जाब परमेश्वरापुढे द्यावा लागणार आहे, हे भान त्यांनी कधी सोडले नाही. वरवर पाहता हे ओझे वाढविणारे वाटेल; प्रत्यक्षात त्याने ओझे हलके होते. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा माणूस चोख राहतो, पण ती ठेव आपली म्हणून रात्रभर तळमळत नाही. आपले काम चोख केले की फळाची काळजी धन्याची, या विश्वासाने त्यांना झोप लागत असे.

दुसरी गोष्ट त्यांचा दिनक्रम. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंच्या पश्चात माळव्यातील जाणत्या माणसांना विचारून त्यांची हकीकत गोळा केली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नोंदविली. तीत हा दिनक्रम तासांच्या हिशेबाने आला आहे. सूर्योदयापूर्वी तासभर आधी उठणे. स्नान, पूजा, मग ठराविक वेळ ग्रंथांचे श्रवण. त्यानंतर स्वहस्ते दानधर्म आणि अन्नदान. मग स्वतःचे साधे शाकाहारी भोजन आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येऊन बसायचे ते सायंकाळी सहापर्यंत. नंतर दोन-तीन तास पुन्हा देवपूजा आणि अल्पसा फराळ. रात्री नऊला पुन्हा कामकाज सुरू, ते अकरापर्यंत. मग निद्रा. व्रतवैकल्ये, सणवार किंवा राज्यावरचे संकट एवढे सोडले तर वर्षानुवर्षे या क्रमात फरक पडला नाही.

या वेळापत्रकाकडे शेतकऱ्याने, नोकरदाराने आणि घरातील बाईमाणसानेही जरा नीट पाहावे. त्यात रिकामपण नाही. राज्याचे काम दिवसातून दोनदा, मिळून सहा तास, मन लावून होत असे. पण त्या कामाला सुरुवात होती आणि शेवट होता. पूजेच्या वेळेत कागद शिरत नसत आणि कागदांच्या वेळेला देवपूजेची सबब पुढे येत नसे. देवासाठी राखलेला वेळ उरलासुरला नव्हता. तो दिवसाच्या दोन्ही टोकांना पक्का बांधलेला होता. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी खील असते म्हणून चाक निखळत नाही, तसे हे होते.

तिसरी गोष्ट, त्या काम साठू देत नसत. दरबारात पडदा न ठेवता त्या स्वतः बसत आणि गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या गरिबाचेही ऐकून घेत. बहुतेक तंटे पंचायतीकडे किंवा अंमलदारांकडे सोपवीत, पण कोणाची दाद लागली नाही तर त्याला त्यांच्यापर्यंत येण्याची वाट मोकळी होती. इंदूरजवळ तुकोजींची छावणी असताना देवीचंद नावाचा एक श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. त्याच्या संपत्तीत वाटा मिळावा असे काही जणांनी तुकोजींच्या कानी घातले. सावकाराची विधवा धावत महेश्वरास आली. अहिल्याबाईंनी तिचे ऐकले, सर्व मालमत्ता तिचीच असल्याचा निर्वाळा दिला आणि तुकोजींना तेथून फौज हलविण्यास कळविले. प्रकरण तेथेच मिटले. जो निर्णय आज घेता येतो तो उद्यावर टाकला म्हणजे रात्री उशाशी येऊन बसतो, हा अनुभव कोणाला नाही?

भिल्लांच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. डोंगरवाटांवर लुटालूट होई. आधी त्यांनी बळाचा वापर केला, पण तेवढ्यावर भागणार नाही हे ओळखून डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क मान्य केला. त्याला भीलकवडी म्हणत. त्या बदल्यात भिल्लांनी पडीक जमीन कसायची आणि आपल्या हद्दीत चोरी झाल्यास जबाबदारी घ्यायची, असे ठरले. भांडणाचे मूळ तुटले म्हणजे रोजची डोकेदुखी तुटते. माणसांची अदलाबदलही त्या वारंवार करीत नसत. गोविंदपंत गानू हे कारभारी जवळजवळ सर्व कारकीर्दभर त्यांच्यापाशी होते. विश्वास टाकल्यावर रोज उठून संशय घ्यायचा नाही, ही मनाच्या स्वास्थ्याची एक मोठी किल्ली आहे.

चौथी गोष्ट स्तुतीविषयी. सत्तेच्या जागी बसलेल्या माणसाची झोप निंदेने उडते तशी स्तुतीनेही उडते. एका विद्वानाने अहिल्याबाईंच्या गुणगौरवाचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुबळी, पापी स्त्री असून या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडून देण्यास फर्माविले. ग्रंथकर्त्याची पुढे विचारपूसही केली नाही. अंगावर पांढरे साधे वस्त्र, दागिना म्हटला तर गळ्यात एक लहानशी माळ. महेश्वरचा त्यांचा वाडा आजही पाहता येतो. एवढ्या मोठ्या राज्याच्या स्वामिनीचे घर इतके साधे कसे, याचेच पाहणाऱ्याला नवल वाटते.

त्यांच्या दानधर्माची कीर्ती सर्वत्र आहे. होळकरांच्या घरात स्त्रियांकडे खासगीचे वेगळे उत्पन्न असे. ते १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंना दिलेले. अहिल्याबाईंनी या खासगीवर तुळशीपत्र ठेवून ते धर्मकार्याला वाहिले. राज्याच्या खजिन्याचा आणि धर्माच्या पैशाचा हिशेब असा वेगळा राहिला. १६६९ साली पाडल्या गेलेल्या काशीविश्वेश्वराचे मंदिर शंभरावर वर्षांनी, १७८० साली, त्यांच्या हातून पुन्हा उभे राहिले. १७८३ मध्ये सोमनाथाचे, १७८७ मध्ये गयेच्या विष्णुपदाचे काम झाले. आपल्याकडे वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. त्याखेरीज ठिकठिकाणी घाट, विहिरी, बारवा, धर्मशाळा आणि अन्नछत्रे. दक्षिणेतील देवस्थानांना दरसाल गंगोदक पोहोचविण्याची व्यवस्था होती.

पण त्यांच्या मनाची घडण मोठ्या बांधकामांपेक्षा लहान गोष्टींत अधिक दिसते. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया, थंडीच्या आरंभी गोरगरिबांना कपडे. नांगरणी चालू असता महेश्वरजवळच्या शेतात त्यांचे माणूस जाई, औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. शेतकरी पाखरांना पिकावरून हाकलतो तो त्याच्या जागी बरोबरच असतो, पण मग पाखरांनी खायचे काय, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी राखली. राज्याच्या चिंता डोक्यावर असताना तहानलेल्या बैलाची आठवण ज्याला होते, त्याचे मन चिंतेने भरून गेलेले नसते. त्यात जागा शिल्लक असते.

त्यांच्या घराण्यात चालत आलेली लिंगार्चनाची प्रथा महेश्वरला आजही चालू आहे. मातीची इवलीइवली असंख्य शिवलिंगे रोज घडवायची, त्यांची पूजा करायची आणि ती नर्मदेत विसर्जित करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. मन लावून करायचे आणि केलेले सोडून द्यायचे, याचा हा नित्याचा पाठच होय.

मात्र त्यांची शांती म्हणजे दगडाची कठोरता होती, असे कोणी समजू नये. आयुष्याच्या अखेरीस त्यांच्यावर सर्वांत जबर घाव पडला. मुक्ताबाईचा तरुण मुलगा नथ्याबा वारला. त्याचे दुःख ताजे असतानाच १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. ज्या स्त्रीचा शब्द सबंध माळव्यात झेलला जात होता, ती म्हातारी आई लेकीपुढे धुळीत लोळली आणि आपल्याला एकटी टाकून जाऊ नको म्हणून तिने विनवण्या केल्या. मुलीने ऐकले नाही. आई आज ना उद्या जाणार, नवरा गेला, मूल गेले, मग आपण कोणासाठी राहायचे, हे तिचे म्हणणे. ती रूढी क्रूर होती. तिच्यावर कायद्याने बंदी येण्यास इंग्रजी अमलात १८२९ साल उजाडावे लागले. सासऱ्याच्या विनवणीने एके काळी स्वतः वाचलेल्या अहिल्याबाईंना आपल्या लेकीला वाचविता आले नाही.

नर्मदेच्या काठी चितेजवळ त्या उभ्या होत्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा सगळा धीर सुटला, त्यांनी हंबरडा फोडला आणि धरलेले हात सोडवून घेण्यासाठी धडपड केली. नंतर नदीत स्नान करून त्या वाड्यावर परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही, कोणाशी शब्द बोलल्या नाहीत. मग त्या उठल्या. गेलेल्यांच्या स्मरणार्थ एक सुंदर वास्तू बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि त्यातच त्यांना थोडा विसावा मिळाला. दुःख आले नाही असे नाही. त्याला त्यांनी वाट दिली, त्याचे तीन दिवस त्याला दिले, आणि पुन्हा आपला दिनक्रम हाती धरला. ज्याला परत येण्यासाठी ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ आहे, तो कितीही दूर फेकला गेला तरी परत येतो.

त्यानंतरही संकटे थांबली नाहीत. १७९३ साली लाखेरीच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा शिंद्यांच्या कवायती फौजेकडून मोड झाला. दोन मराठी फौजा एकमेकींवर तुटून पडल्याचे त्यांना उतारवयात पाहावे लागले. तरी महेश्वरचा दरबार ठरल्या वेळी भरत राहिला, नर्मदेवरची पूजा चालू राहिली, अन्नछत्राची चूल विझली नाही. वयाच्या सत्तराव्या वर्षी, आपले काम करता करता, त्यांनी डोळे मिटले. मोडलेली देवळे उभी करणाऱ्या या बाईने दर घावानंतर आपले मोडलेले मनही त्याच निष्ठेने पुन्हा उभे केले होते. तोही जीर्णोद्धारच होता, आणि तो त्यांना एकदा करून भागले नाही.

जुन्या भिंती उतरवून, दगडावर दगड चढवून, कोणी पैशाने, कोणी धान्याने, कोणी अंगमेहनतीने हातभार लावून गावाचे मंदिर उभे राहते. शिखरावर कळस चढतो, सोहळा होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात. त्यानंतर खरे काम सुरू होते. देवळात काकडआरती ठरल्या वेळी होते, सांजेला घंटा ठरल्या वेळी वाजते. त्या वेळी हातचे काम बाजूला ठेवून, मोबाईल घरी ठेवून, अर्धी घटका सभामंडपात स्वस्थ बसावे. उद्याचा हप्ता उद्या आहेच, त्याचा विचार त्याच्या वेळेला करावा. कामाला वेळ नेमून द्यावी आणि मनाला धनी नेमून द्यावा, एवढेच अहिल्याबाईंनी केले. राज्य सांभाळणाऱ्या बाईला जे साधले, ते चार एकर सांभाळणाऱ्यालाही साधण्यासारखे आहे.